ट्राउट भरकटला म्हणे!

उन्हाळा चढायला लागला की गळवाल्यांच्या तोंडी हे वाक्य ठरलेलं असतं, "नदीच्या वरच्या थंड पट्ट्यात सोडलेले ट्राउट मासे खाली भरकटले, गरम पाण्यात जाऊन मेले, सगळा खर्च वाया." आणि त्याला जोडून लगेच मागणी, अजून ट्राउट सोडा. मला यातला "भरकटले" हा शब्दच खटकतो. भरकटायला आधी काहीतरी ठिकाण लागतं ना. सिमेंटच्या हौदात वाढलेला, टँकरमधून आणून पुलावरून पाइपने नदीत ओतलेला मासा, त्याचं त्या नदीत ठिकाण कुठलं आणि त्याने ते सोडलं असं आपण कुठल्या तोंडाने म्हणायचं? पोराला अनोळखी गर्दीत नेऊन हात सोडायचा आणि मग सांगत फिरायचं की बघा, कसं हरवलं.

माझं म्हणणं सरळ आहे. कुठल्या नदीत किती ट्राउट सोडायचे हे आज कॅलेंडर आणि गळवाल्यांची मागणी बघून ठरतं, ते थर्मामीटर बघून ठरायला पाहिजे. जिथे उन्हाळ्यातलं पाणी त्याला झेपणार नाही, किंवा तो वाहत जिथे जाईल तिथे आधीपासून दुसऱ्या कुणाचं घर आहे, तिथे सोडणं बंद. मला स्वतःला गळ टाकायचा नाद आहे, ट्राउट लागला की हात थरथरतात अजून, तरी हे म्हणतोय.

आता मासा खाली जातो कसा ते बघा. हॅचरीत, म्हणजे माशांची पैदास करायच्या केंद्रात, ट्राउट लांबट हौदात वाढतो, पाणी एका टोकाने येतं दुसऱ्या टोकाने जातं, वेग कायम तोच, खाणं वरून पडतं. माणसाची सावली पडली की जेवण आलं एवढंच त्याला कळतं. नदीतला मासा सावली बघून दगडाखाली पळतो, हा उलट तोंड वर करून येतो. हातात घेतला तर त्याचे पर बघा, पाठीवरचा आणि छातीजवळचे, कडा झिजून बोथट झालेल्या असतात, भिंतीला आणि एकमेकांना घासून घासून. हॅचरीतल्या रेनबो ट्राउटच्या बऱ्याच वाणांचं मूळ शोधत गेलं तर कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीपाशी जाऊन पोचतं, 1870 च्या दशकात तिथे लिव्हिंग्स्टन स्टोन नावाच्या माणसाने अंडी गोळा करायचं केंद्र उभं केलं होतं. म्हणजे जवळपास दीडशे वर्षं आपण पिढ्यानपिढ्या हा मासा निवडत आलोय तो लवकर वाढणारा, गर्दीत न बिचकणारा, गोळी खाणारा असा. नदीत जगायच्या परीक्षेला त्याला कधी बसवलंच नाही.

असा नऊ-दहा इंचांचा तयार मासा बऱ्याच ठिकाणी वसंतात सोडतात, नदी भरून वाहत असताना. नदीत वाढलेल्या माशाला माहीत असतं की मोठ्या दगडाच्या मागे पाणी संथ असतं, तिथे जोर न लावता थांबायचं आणि खाणं बाजूने वाहत आलं की टपकन उचलायचं. हौदातला पठ्ठ्या मधल्या धारेत उभा राहून पोहत बसतो, दमतो, आणि दमला की पाणी नेईल तिकडे जातो, जिथे डोह लागेल तिथे थांबतो. काही पुलाखालीच घोटाळतात, ते पहिल्या आठवड्यात गळाला लागून संपतात. बाकीचे खाली, आणखी खाली. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याचं मत्स्य खातं सोडलेले मासे काही आठवड्यांनी त्याच पट्ट्यात आहेत का हे पाण्यात वीज सोडून, मासे तात्पुरते बधिर करून तपासतं, आणि काही पट्टे असे निघतात की तिथे मासे राहतच नाहीत. मासा वाईट असंही नाही आणि पट्टा वाईट असंही नाही, दोघांचं जमत नाही एवढंच.

आणि यातली खरी मेख अशी, की खाली जाताना त्याला काही चुकतंय असं वाटायचं कारणच नसतं. एप्रिलमध्ये वरचा पट्टा 9 अंश आणि वीस किलोमीटर खालचा पट्टा 11 अंश, दोन्ही झकास. उलट खाली जरा ऊब जास्त, किडे जास्त, खाणं जास्त. तो जातो तेव्हा ती जागा चांगलीच असते. मग जून येतो, पाणी उतरतं, नदी पसरट होते, दगड तापतात, आणि ज्या उथळ पट्ट्यावरून तो सहज घसरत खाली आला होता तोच पट्टा आता दुपारी गरम पाण्याची भिंत होऊन बसतो. परत जायची वाट त्याच्या मागे बंद झालेली असते. याला भरकटणं म्हणायचं का? हा सापळा आहे, आणि मासा आत शिरला तेव्हा सापळा अजून लावलेलाच नव्हता.

थोडं गणित सांगतो, कारण याच्याशिवाय पुढचं सगळं भावनेचं वाटेल. ट्राउटला 12 ते 16 अंश सेल्सिअसच्या आसपास बरं वाटतं. 20 च्या वर त्याचं खाणं कमी होतं, ताण सुरू होतो, आणि 25 च्या आसपास बराच वेळ राहिला तर मरतो. ब्राउन ट्राउट थोडं जास्त सोसतो, ब्रूक ट्राउट थोडं कमी, पण हे फरक एक-दोन अंशांचे. आता पाण्याचा हिशोब. 10 अंशांच्या पाण्यात एका लिटरमध्ये साधारण 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 20 अंशांना 9, आणि 25 ला 8 च्या थोडा वर. बघायला फरक फार नाही वाटत. पण त्याच वेळी माशाच्या अंगातला कारखाना पाणी तापेल तसा जोरात चालायला लागतो, दहा अंश चढले की ऑक्सिजनची गरज ढोबळमानाने दुप्पट. म्हणजे पगार कमी आणि खर्च दुप्पट, किती दिवस चालणार? त्यात तुम्ही त्याला गळाला लावून पाच मिनिटं खेळवलं, फोटोसाठी पाण्याबाहेर धरलं आणि "सोडून दिला हो" म्हणून प्रेमाने सोडला, तर तो पोहत जाताना दिसतो खरा, पण त्याचं पुढे काय झालं ते बघायला आपण थांबत नाही.

मी एकदा थांबलो होतो. जुलैची दुपार, मुख्य नदीत थर्मामीटर 23 दाखवत होता, आणि डाव्या काठाने एक ओढा येऊन मिळत होता, गुडघाभर खोलही नव्हता, वरून झाडोऱ्यातून येणारा, झऱ्याचं पाणी. त्याच्या तोंडाशी थर्मामीटर धरला तर 16. दोन पावलं नदीकडे सरकलो तर 18, अजून दोन पावलं आणि परत 22. म्हणजे एका खोलीएवढी ती थंड पाण्याची जीभ, काठाला चिकटून खाली गेलेली, आणि त्या जिभेत मासे. आधी मला वाटलं तळाला काळपट गवत आहे, मग ते गवत एकाच लयीत हलतंय म्हटल्यावर कळलं. तीसेक असतील, नाकं सगळ्यांची ओढ्याकडे, एकमेकांना जवळजवळ टेकलेले, कल्ले भराभर उघडझाप करतायत. त्यातले काही झिजलेल्या परांचे होते, काही नदीचेच, गडद ठिपक्यांचे. एरवी ट्राउट शेजाऱ्याला हातभर अंतरावर येऊ देत नाही, भांडकुदळ जात, पण तिथे कोणी कोणाला ढकलत नव्हतं, हलायलाच कोणाची तयारी नव्हती. माझी सावली पडली तरी हलले नाहीत. आणि पलीकडच्या काठावर एक गृहस्थ खूश होऊन दोरी टाकत होते, एकाच जागी इतके मासे म्हणजे लॉटरीच. नियमाच्या आत होते ते, त्यांना काय बोलणार.

अशा जागांना थंड आसरा म्हणू. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात हाउसाटॉनिक नदीवर अशा ओढ्यांच्या तोंडापासून 100 फुटांच्या आत भर उन्हाळ्यात मासेमारीला बंदी असते, पाट्या लावलेल्या असतात. तिथल्याच मोंटाना राज्यात वेगळा प्रकार, पाण्याचं दिवसातलं कमाल तापमान सलग 3 दिवस 73 फॅरनहाइट, म्हणजे आपले 23 अंश सेल्सिअस धरा, गाठलं की दुपारी 2 पासून मध्यरात्रीपर्यंत त्या पट्ट्यात गळ बंद, सकाळी काय ते करा. याला तिकडे घुबडाच्या नावाने ओळखतात, कारण जुन्या काळी लाकूडतोडे उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीने पहाटे, घुबडं घुमत असताना काम उरकायचे. मला हा नियम आवडतो तो एकाच कारणासाठी, तो तारखेवर चालत नाही, पाण्यावर चालतो. गरम वर्षी लवकर लागतो, थंड वर्षी कदाचित लागतच नाही. मग मासे पकडण्याचा नियम जर पाण्याच्या तापावर चालू शकतो, तर मासे सोडण्याचा का नाही? पकडणाऱ्याला थर्मामीटर आणि सोडणाऱ्याला कॅलेंडर, हा कुठला न्याय.

सोडणाऱ्यांचं गणित मला कळतं तसं आहे, म्हणजे फार गूढ काही नाही. "यंदा इतके लाख मासे सोडले" हा आकडा मोजायला सोपा, छापायला सोपा, टँकरचा फोटो छान येतो, पोरं टाळ्या वाजवतात. "यंदा ऑगस्टमध्ये इतके मासे जिवंत होते" हा आकडा मोजायला अवघड आणि छापायला नकोसा. जे मोजलं जातं तेच वाढतं, हे कुठल्याही ऑफिसात बसलेल्या माणसाला सांगायला नको. तक्रार आली की मासे कमी आहेत, उत्तर एकच, अजून सोडा. रेड्याला रोग आणि पखालीला इंजेक्शन.

यावर कोणी म्हणेल की न सोडून काय होणार, नदी रिकामी पडेल. तर मोंटानाचंच उदाहरण घ्या. 1970 च्या सुमारास तिथे डिक व्हिन्सेंट नावाच्या जीवशास्त्रज्ञाने मॅडिसन नदीवर आणि ओडेल क्रीकवर बघितलं की जिथे हॅचरीचे मासे सोडणं थांबवलं तिथे नदीचे स्वतःचे ट्राउट वाढले, आणि जिथे नव्याने सोडायला सुरुवात केली तिथे घटले. सोडलेले मासे जागेसाठी धक्काबुक्की करतात, नीट बसलेली घडी मोडतात आणि शेवटी स्वतःही टिकत नाहीत. भरपूर शिव्या खाल्ल्या त्या माणसाने, कारण हॅचरी हा मोठा कारभार होता आणि गळवाल्यांची त्यावर श्रद्धा होती. तरी 1974 मध्ये राज्याने ज्या नद्यांत ट्राउट आपले आपण वाढतात तिथे सोडणं थांबवलं, आणि मोंटाना आज ट्राउटसाठी ओसाड पडलंय असं कोणी म्हणत नाही, उलट जगभरातून लोक तिथे जातात. अर्थात तिथलं पाणी थंड आहे. हे उदाहरण सगळीकडे तसंच्या तसं चिकटवता येणार नाही, गरम नदीत सोडणं थांबवलं तर तिथे ट्राउट वाढणार नाहीत, संपतील. माझा मुद्दा नेमका तोच आहे, तिथे ते संपू द्यावेत.

कारण गरम पट्टा म्हणजे पडीक जमीन नाहीये. हे आपल्या डोक्यात बसलंय, ट्राउटचं पाणी म्हणजे उच्चभ्रू वस्ती आणि त्याखालचं पाणी म्हणजे "बाकीचे फालतू मासे." तिथेही कोणीतरी हजारो वर्षं राहतंय. याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात महागडं उदाहरण अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं, आणि ते जरा सविस्तर सांगण्यासारखं आहे. 1963 मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाने पाणी अडवायला सुरुवात केली. आधीची नदी गढूळ, लालसर, उन्हाळ्यात चांगली कोमट आणि हिवाळ्यात गोठायच्या बेताला येणारी. धरणाच्या तळातून सोडलेलं पाणी मात्र बारा महिने थंडगार आणि काचेसारखं. मग लगेच 1964 पासून धरणाखाली लीस फेरी नावाच्या जागी रेनबो सोडले गेले, आणि वाळवंटाच्या मधोमध ट्राउटची नदी तयार झाली, लोक खूश. पण तिथून साधारण शंभर किलोमीटर खाली लिटल कोलोरॅडो ही उपनदी येऊन मिळते, तिचं पाणी ऊबदार, आणि त्या संगमापाशी हंपबॅक चब नावाचा, पाठीला कुबड असलेला, जगात फक्त याच नदीच्या खोऱ्यात राहणारा मासा उरलासुरला जीव धरून होता. वरून खाली सरकलेले ट्राउट तिथे पोचले, चबच्या पिल्लांचं खाणं खायला लागले आणि पिल्लंही. मग 2003 ते 2006 या काळात सरकारी माणसं बोटीतून वीज सोडून संगमाजवळचे मासे पकडत होती आणि ट्राउट काढून टाकत होती, एकोणीस हजारांवर रेनबो काढले. आधी पैसे घालून सोडा, मग पैसे घालून काढा. झुनी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी, ज्यांच्यासाठी ती जागा पवित्र आहे, तिथे असे जीव मारण्याला आक्षेप घेतला तो वेगळाच. आणि गंमत म्हणजे तोपर्यंत लीस फेरीला मासे सोडणं बंद होऊन काही वर्षं झाली होती, खाली आले ते त्यांचे तिथे जन्मलेले वंशज. एकदा सोडलं की ते प्रकरण टँकर थांबल्याने थांबत नाही.

याच नदीचा पुढचा अंक अजून विचित्र. दुष्काळाने वरचा जलाशय, लेक पॉवेल, इतका उतरला की धरणातून येणारं पाणी थंड राहीना, ट्राउटला ताप झाला, चबला जरा बरं वाटायला लागलं, 2021 मध्ये त्याची नोंद "संकटग्रस्त" वरून एक पायरी खाली आली. पण त्या ऊबेला अजून एक जण टपलेला होता, स्मॉलमाउथ बास नावाचा मासा, चबची पिल्लं खाण्यात ट्राउटच्याही पुढचा, आणि 2022 मध्ये त्याची पिल्लं धरणाखाली सापडली. मग 2024 मध्ये पाणी मुद्दाम थंड करून सोडायची वेळ आली, बासला रोखायला. आता सांगा, थंड पाणी चांगलं की वाईट? ज्याला विचाराल तो वेगळं सांगेल. म्हणून मी "थंड पाणी म्हणजे चांगली नदी" असं म्हणणाऱ्यातला नाही. प्रत्येक नदीला स्वतःचा तापमानाचा एक क्रम असतो, वरून खाली, ऋतूनुसार, आणि त्या क्रमात कोण कुठे राहतं हे ठरलेलं असतं. आपण एक मासा आवडला म्हणून त्या क्रमाला हात घालतो, तिथून सगळं सुरू होतं.

आपल्याकडेही ट्राउट पाहुणाच आहे, हे विसरायला नको. 1900 च्या सुमारास ब्राउन ट्राउटची अंडी बोटीने काश्मीरला आली, साहेबाला आपल्या गावाकडचा मासा इथे पकडायचा होता, बस एवढंच कारण. 1909 मध्ये कुलूत हॅचरी झाली, नीलगिरीत आधीचे प्रयत्न फसले आणि नंतर रेनबो टिकला. वरच्या थंड पाण्यात तेव्हा कोणी नव्हतं का? होता की, असेला, ज्याला स्नो ट्राउट म्हणतात पण जो ट्राउट नाहीच, रोहू-कटल्याच्या गोतावळ्यातला आहे, तळाच्या दगडावरचं शेवाळ खरवडून खाणारा. आणि त्याच नद्या खाली उतरून ऊबदार झाल्या की महसीर माशाचा मुलूख. असेला आज धोक्यात आलेल्यांच्या यादीत, सोनेरी महसीर त्याहून गंभीर यादीत. हे सगळं ट्राउटने केलं असं म्हणणं खोटं ठरेल, धरणं, वाळूउपसा, जाळी, बॉम्ब लावून मासेमारी, कारणांची रांग मोठी आहे. पण जगातल्या सगळ्यात वाईट शंभर परक्या जातींची जी यादी आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या तज्ज्ञांनी केली तिच्यात ब्राउन आणि रेनबो दोघंही आहेत, आणि हे दोघं असे पाहुणे आहेत ज्यांना आपण दरवर्षी स्वतः गाडी पाठवून बोलावतो.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात वजनदार म्हणणं. सोडलेल्या ट्राउटवर गळ टाकायची लायसन्स विकली जातात, त्या पैशातूनच नदीची देखभाल चालते, लहान पोराच्या हाताला पहिला मासा लागतो तो बहुतेक वेळा हॅचरीचाच, आणि ज्याने कधी मासा हातात धरला नाही तो उद्या नदीसाठी कशाला भांडेल? हे मी हसण्यावारी नेणार नाही, यात खरं आहे. माझाही पहिला ट्राउट झिजलेल्या परांचाच होता, आणि मला तो देवमाशाएवढा वाटला होता. पण मग टेक्सासवाल्यांसारखं उघड बोला. तिथे हिवाळ्यात शहरातल्या तळ्यांमधून रेनबो सोडतात आणि स्पष्ट सांगतात की उन्हाळ्यात हे जगणार नाहीत, पकडा आणि घेऊन जा. यात फसवणूक नाही. तळं बंद, मासा बाहेर जात नाही, हिशोब हिवाळ्यात सुरू आणि वसंतात संपला, पोरांची हौसही झाली. मला याच्यावर काही म्हणायचं नाही. वाहत्या नदीत मात्र हा हिशोब बंद होत नाही, तिला दोन्हीकडून दार आहे. तिथे सोडायचंच असेल तर जिथे बारमाही थंडी आहे तिथे, आणि तेही नदीचे आपले ट्राउट नसतील तर, आणि शक्य तिथे वांझ मासे, अंड्यांना दाब देऊन गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असलेले केलेले, म्हणजे निदान पुढची पिढी मागे राहत नाही. इंग्लंडमध्ये नद्यांत सोडायचे ब्राउन ट्राउट असे वांझ किंवा मग त्याच नदीच्या माशांची पिल्लं असावेत असा नियम 2015 पासून आहेच, म्हणजे हे काही माझं स्वप्नरंजन नाही.

आणि वांझ केला म्हणून त्याला भूक लागायची थांबत नाही, तेव्हा खाली कोण राहतं हा प्रश्न तरीही विचारायचाच.

काही जण म्हणतात नद्या तापतायत त्या हवामान बदलाने, आपण काय करणार. अर्धं बरोबर. बाकीचं अर्धं आपणच केलेलं असतं आणि ते बघायला काठाने चालत जावं लागतं. काठावरची झाडं तोडली, ओढ्यावर ऊन थेट पडायला लागलं. छोटे बंधारे घातले, पाणी पसरून उथळ झालं आणि दिवसभर तापायला मोकळं. वरून उपसा केला, जे उरलं ते इतकं कमी की दुपारपर्यंत चटका बसतो. झरा होता तिथे पाइप टाकून पाणी नेलं. यातलं एकेक परत फिरवता येतं, सावली द्यायला झाडं लावता येतात, त्यांना वाढायला वेळ लागतो हे खरं, पण ट्राउट सोडायचं काम काय एका वर्षात संपतंय? अप्पर डेलावेअर नदीवर न्यूयॉर्क शहराची पिण्याच्या पाण्याची धरणं आहेत, तिथे वसंतात ट्राउट मोठ्या नदीत उतरतात आणि उन्हाळ्यात अडकतात, अगदी मी वर सांगितलं तसंच, आणि तिथे वाद मासे अजून सोडण्याचा नसतो, धरणातलं थंड पाणी कधी आणि किती सोडायचं याचा असतो. वर्षानुवर्षं चालू आहे, शहर, चार राज्यं, गळवाले, सगळे. कटकटीचा वाद आहे, पण निदान योग्य गोष्टीवरचा आहे.

एक अजून खूळ असतं, अडकलेले मासे वाचवायचं. बादल्या घेऊन जायचं, जाळ्याने गोळा करायचे आणि वरच्या थंड पाण्यात नेऊन सोडायचे. हेतू चांगला, पण 23-24 अंशांच्या पाण्यात आधीच धापा टाकणाऱ्या माशाला जाळ्यात धरून, बादलीत कोंबून, गाडीत हलवून एकदम थंड पाण्यात टाकलं तर बादलीतले निम्मे मासे वाटेतच मरायचे. आणि वर आधीच जे राहतायत त्यांच्यात ही गर्दी, आणि बरोबर काही रोग असेल तर तोही. यलोस्टोन नदीत 2016 च्या ऑगस्टमध्ये एका परजीवीने हजारो व्हाइटफिश मेले, उतरलेल्या आणि तापलेल्या पाण्यात तो फोफावला, तेव्हा जवळपास 295 किलोमीटर नदी लोकांसाठी पूर्ण बंद केली होती, पाण्यात पाय घालायचा नाही, कारण बुटांवरून, बोटीवरून तो दुसरीकडे जाऊ नये. म्हणून बादल्या नकोत. त्यापेक्षा त्या ओढ्याच्या तोंडाशी कोणी जाऊ नये एवढं बघा.

तापमान नोंदवणारी यंत्रं आता काडेपेटीएवढी मिळतात, दगडाला बांधून पाण्यात ठेवायची, तासातासाला नोंद घेत राहतात. टँकर जिथे रिकामा होतो तिथे एक, त्याच्या पाच किलोमीटर खाली एक, वीस किलोमीटर खाली एक, प्रत्येक मिळणाऱ्या ओढ्याच्या तोंडाशी एक. दोन उन्हाळे नोंदी घ्या आणि मग त्या नकाशावर मांडा. जिथे ऑगस्टच्या दुपारी 20 च्या वर जातं आणि रात्रीही उतरत नाही, त्या पट्ट्यावर काट मारा, आणि त्याच्या वर इतक्या जवळ सोडू नका की पहिल्या लोंढ्यात मासा तिथेच पोचेल. वाचलेल्या टँकरच्या डिझेलमध्ये कितीतरी रोपं येतील काठावर लावायला. आणि सोडल्याची तारीख जिथे लावतात त्याच फळ्यावर पाण्याचं आजचं तापमान लिहा, खडूने, मोठ्या अक्षरात.

त्या दुपारी मी पलीकडच्या गृहस्थांना थर्मामीटर दाखवायला नदी ओलांडून गेलो होतो. त्यांनी आकडा वाचला, ओढ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "अहो, पण मासे तर इथेच आहेत." मग थोडा वेळ काही बोलले नाहीत. दोरी गुंडाळली त्यांनी, पण गेले नाहीत, काठावर बसून बघत राहिले, आणि मीही बसलो. सहाच्या सुमारास ऊन डोंगराआड गेलं, नदी 21 वर आली, आणि त्या रांगेतला एक मासा, पर झिजलेला, जिभेच्या बाहेर वीतभर गेला आणि परत आला.